कूलरचा वारा मंदावला? मोटार बदलण्याआधी हे पाहा



उन्हाळा लागला की बांधावर लागण, खत, पाणी यांबरोबर आणखी एक प्रश्न निघतो. "साहेब, कूलर फिरतोय, पण वारंच लागत न्हाई. मोटार गेली म्हणायची का?" आपल्या सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४२ अंशांच्या पुढे जातो. घरात म्हातारे माणूस, बाळंतीण किंवा तान्हे मूल असेल तर कूलर ही चैन राहत नाही. म्हणून या खेपेस उसाऐवजी कूलरवर चार शब्द.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ब्लोअरच्या कूलरची मोटार जळाली, ती भरून आणली. फिरू लागली, आवाजही नेहमीचा, पण वारा निम्मासुद्धा नाही. दोन दिवस आईच्या अंगावर ओले फडके घालून काढले. मिस्त्रीने सांगितले, "आता नवीनच घ्या." तेव्हा मला विहिरीवरचा पंप आठवला. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की पंप उलटा फिरतो. पाणी येते, पण कमी. ब्लोअरचेही तसेच आहे. उलटा फिरला तरी वारा पुढेच फेकतो, मात्र फार थोडा. मोटार भरताना जोडणी उलटली होती. ती सुलट केली आणि काम झाले. नवीन मोटारीचे पैसे वाचले. (साध्या पंख्याच्या कूलरमध्ये हा दोष लगेच कळतो, कारण वारा मागच्या बाजूला जातो.)

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. वारा कमी येण्याची मुख्य कारणे दोनच : एक तर वाऱ्याची वाट तुंबलेली असते, नाहीतर पंखा नीट फिरत नसतो. यातले कोणते, ते आधी ठरवा. खर्चाचे नंतर पाहू.

आधी पिन काढा

नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे असेल तर बटण बंद असतानाही आत करंट राहतो. म्हणून पिन काढूनच हात लावावा. पाणी भरतानाही हाच नियम. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे जिवावरचे गणित आहे. तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवेच. न्यूट्रल गेला म्हणून काही ठिकाणी अर्थिंगवर काम भागवतात. तो करंट कूलरच्या पत्र्यावर उतरू शकतो. तसे कदापि करू नये. ३० मिलिअँपिअरचा गळती-करंट तोडणारा स्विच मीटरजवळ बसवून घ्यावा.

वाट तुंबली आहे का?

आपल्याकडे बहुतेक घरी बोअरचे जड पाणी वापरतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या चुनखडीसारख्या कडक होतात. ठिबकच्या नळीत क्षार बसले की ड्रीपर बंद पडतो, तसाच हा प्रकार. पिन काढून एका बाजूची ताटी काढा. पाण्याची छोटी मोटार बंद ठेवून, पोरांना लांब करून पंखा थोडा वेळ चालवून पाहा. वारा एकदम वाढला तर दोष ताटीत आहे, मोटारीत नाही. ताट्या धुवा, फार कडक झाल्या असतील तर बदला. पात्यांवरचा धुळीचा थरही पुसा.

टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासावी. क्षार कमी साचतात, आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही होत नाहीत.

कूलर खिडकीत बसवून समोरचे दार-खिडकी बंद ठेवली तरी वारा कोंडतो. आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी.

पंखा हळू फिरतो का?

घरातले दिवेही मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर मोटारीची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. तेव्हा मोटार बदलून उपयोग नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर पिन काढून पाते हाताने फिरवा. जड फिरले तर बुश किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे. तेलपाणी करावे, झिजले असेल तर बदलावे. सहज फिरत असेल, पण चालू केल्यावर नुसते गुणगुणत असेल, तर बहुधा कंडेन्सर उतरला आहे. मोटारीपुढे त्याची किंमत किरकोळ. जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टच्या आकड्यांचाच नवा आणावा. पिन काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो, म्हणून तो वायरमनकडूनच बदलून घ्यावा. मोटार तापून वास येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करावी.

ए.सी. असेल तर

तिथेही पहिला संशय धुळीचा. पुढचे झाकण उघडून जाळी काढावी, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला हे करावे. जाळी तुंबली की आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि वारा आणखी कमी होतो. बर्फ दिसल्यास ए.सी. बंद करून तो वितळू द्यावा. जाळी स्वच्छ असूनही वारा कमी असेल तर आतल्या लांबट चक्राच्या पात्यांत धूळ बसलेली असते. ते काम जाणकाराचे. जाता जाता सांगतो, जाळलेल्या पाचटाची काजळी याच जाळ्यांत येऊन बसते. पाचट शेतातच कुजवा. जमीन सुधारेल आणि घरही स्वच्छ राहील.

शेवटी एक. पाऊस सुरू झाल्यावर वारा भरपूर, पण गारवा नाही, अशी तक्रार येते. तो बिघाड नव्हे. हवाच ओली झाली की पाणी उडत नाही, म्हणून माठातले पाणीही तितके गार होत नाही. तेव्हा पाण्याची मोटार बंद करून नुसता पंखा वापरावा.

मिस्त्रीला जरूर बोलवा, पण आधी वरील तपासणी करून ठेवा. म्हणजे काय बिघडले हे आपण त्याला सांगू शकाल.

कळावे,
ऊस विकास अधिकारी