एक पुडी, एक लिटर

जुलाब-उलट्या झाल्या की 'ओआरएस'ची पुडी पाण्यात घालून पाजतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्या पुडीवर बारीक अक्षरांत काय छापलेले असते, ते कधी वाचले आहे काय? मोठ्या पुडीवर साधारण असे आकडे आढळतील: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. आणि खाली सूचना: एक लिटर पाण्यात विरघळवा.

आता समजा, घरात लहान भाऊ आजारी आहे. लिटरभर पाणी तो काही पिणार नाही. मग कोणीतरी सुचवते, "सगळी पुडी पेलाभर पाण्यातच घाला. औषध तेवढेच पोटात जाईल!" या म्हणण्यात चूक काय?

आधी स्वयंपाकघरात जाऊ या. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात भांड्यात पाणी सुटते. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी नेहमी विरळ द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. यालाच आपण परासरण म्हणतो. गंमत अशी, की यात द्राव्याचे वजन महत्त्वाचे नसते. महत्त्वाची असते ती कणांची संख्या. मग कण मोजायचे कसे?

कण मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ 'मोल' हे माप वापरतात. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल. पुडीत १३.५ ग्रॅम आहे. १८० ने भागा. उत्तर ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलीमोल. मिठाचा रेणुभार ५८.५, २.६ ग्रॅमचे सुमारे ४४.५ मिलीमोल झाले. पण मीठ विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, तेव्हा कण धरायचे ८९. पोटॅशियम क्लोराइडचे याच रीतीने ४०. सायट्रेटचा रेणुभार स्फटिकजलासह २९४. त्याचे सुमारे १० मिलीमोल, आणि प्रत्येकातून तीन सोडियम व एक सायट्रेट असे चार आयन, म्हणजे आणखी ४०. बेरीज २४४. पुडीवर बहुधा २४५ हा आकडा छापलेला असतो. तो कुठून आला, ते आता कळले ना?

आपल्या रक्तात हाच आकडा लिटरमागे २९० च्या आसपास असतो. म्हणजे नीट केलेले द्रावण रक्तापेक्षा थोडे विरळ, आणि पाणी आतड्यातून रक्ताकडे जाणार. तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवली तर संहती पाचपट, सुमारे १२२५! आता पाणी उलट दिशेने, शरीरातून आतड्यात ओढले जाईल. मुलाची कैरीची फोड होईल म्हणा ना. जुलाब वाढतील आणि शरीर अधिकच सुकेल. औषध तेवढेच, पण पाणी कमी पडल्याने ते अपायकारक ठरले.

पाण्याचा हा हिशेब किती मोलाचा आहे, हे १९७१ साली जगाला दिसले. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली होती. सरहद्दीजवळच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना, आणि ते देणारे हातही पुरेनात. तेव्हा त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिशव्यांत भरून आणवले, ते मोजलेल्या पाण्यात विरघळवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. छावण्यांत पटकीने दगावणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. या उपचाराखालच्या रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले.

पण मग नुसते पाणी का नाही पाजायचे? कारण पटकीत नुसते पाणी पुरेसे शोषले जात नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींत एक दार असे आहे, की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागून पाणी. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. पटकीच्या विषाने हे दार बंद पडत नाही, हे आपले नशीब! पुडीतले सोडियम मोजून पाहा: मिठाचे ४४.५ आणि सायट्रेटचे सुमारे ३०, मिळून जवळजवळ ७५. ग्लुकोजही ७५. हा योगायोग नव्हे. हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली स्वीकारले. त्याआधीचे द्रावण ३११ चे होते आणि विरळ द्रावण अधिक चांगले शोषले जाते असे दिसून आले. सोड्याऐवजी सायट्रेट आले ते त्याही आधी, कारण दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज यांची पूड काळवंडते.

पुडी नसेल तर? एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर अंदाजे २५ ग्रॅम आणि मीठ ३ ग्रॅम धरून तुम्हीच हिशेब करा. साखरेचा रेणुभार ३४२, आणि लहान आतड्यात तिच्या प्रत्येक रेणूचे पाण्याशी अभिक्रिया होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात, हे विसरू नका. माझे उत्तर २४८ आले. अर्थात घरोघरचे चमचे निराळे, शिवाय यात पोटॅशियम नाही. म्हणून पुडी मिळाली तर पुडीच बरी. मात्र छोटी पुडी २०० मिलिलिटरची असते, तेव्हा आधी वाचा. द्रावण घोट घोट पाजा, २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या, आणि मूल मलूल दिसले किंवा पिईनासे झाले तर तडक डॉक्टरांकडे न्या.