सर्वांगाचें दुखणें आणि मोजका व्यायाम

हाड मोडलें तर तें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें, ताप आला तर तो थर्मामीटर दाखवितो; आणि जें दिसतें त्यावर घरच्या मंडळींचा विश्वासही बसतो. परंतु एक दुखणें असें आहे कीं, तें मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सर्व शरीर व्यापतें, महिनोन् महिने टिकतें, आणि तरीही कोणत्याच तपासणींत उमटत नाहीं. सातारा-सांगलीकडील कुटुंबांत असा रोगी असला, तर तो बहुधा मिरजेची वाट धरतो. कारण १८९४ मध्यें डॉ. वॉन्लेस यांचें रुग्णालय सुरू झाल्यापासून दवाखान्यांचें गांव म्हणून मिरजेची ख्याति आहे. रक्त तपासलें जातें, चित्रें काढलीं जातात, आणि सर्व कांहीं ठीक असल्याचा निकाल हातीं येतो. त्या निकालानें रोग्याला आनंद होत नाहीं. उलट, त्या दिवसापासून घरांत त्याचें दुखणें खोटें ठरूं लागतें. रोग्यांत स्त्रियांची संख्या अधिक असल्यामुळें ‘कामाचा कंटाळा’ हा आरोपही त्यांच्याच वांट्याला येतो.

या विकाराचें आजचें नांव फायब्रोमायाल्जिया. विकार मात्र नवा नव्हे. इंग्लंडांतील विख्यात डॉक्टर विल्यम गोवर्स यांनीं १९०४ मध्यें त्यास ‘फायब्रोसायटिस’, म्हणजे तंतूंचा दाह, असें म्हटलें होतें. पुढें शोध करतां दाह कोठेंच आढळेना, म्हणून १९७६ च्या सुमारास नवें नांव रूढ झालें. १९९० मध्यें अमेरिकेंतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें निदानाचे नियम ठरविले: सर्वांगाचें दुखणें निदान तीन महिने टिकलेलें असावें, आणि अंगावरील ठराविक १८ ठिकाणांपैकीं ११ ठिकाणीं दाबल्यास वेदना व्हावी. २०१० च्या नियमांत ठिकाणें मोजण्याची अट गेली, आणि थकवा, झोपेनेंही न येणारी हुशारी व विसराळूपणा यांना योग्य तें महत्त्व मिळालें.

अंगदुखी हा कांहीं शहरी नाजूकपणा नव्हे. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ मध्यें घरोघर पाहणी केली. तींत ४०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांना सांध्यांचें अथवा स्नायूंचें दुखणें आढळलें. हे सर्व फायब्रोमायाल्जियाचे रोगी नव्हते; पण खेड्यांतील कष्टकरी माणूसही अशा दुखण्यापासून मुक्त नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

मग सर्व तपासण्या निर्दोष असतांना वेदना येते कोठून? तिचें उगमस्थान स्नायूंत नसून मज्जासंस्थेंत असतें, असें आज मानतात. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. तंबोऱ्याची तार फार चढली, तर बोटाच्या नुसत्या स्पर्शानें ती कर्कश वाजते. भोपळा फुटलेला नसतो आणि बोटाचाही दोष नसतो. तसेंच येथें घडतें. मेंदू व पाठीचा कणा यांतील वेदनेच्या वाटा इतक्या जागृत झालेल्या असतात कीं, साधा दाब, थंडी किंवा अपुरी झोप यांनींही वेदनेचा संदेश मोठा होऊन पोंचतो. वेदना खरी असते. तिच्याइतकी इजा मात्र शरीरांत झालेली नसते. उपचाराची दिशा या एका गोष्टीवरून ठरते. इजा नाहीं, म्हणून हालचालीनें शरीराची नासाडी होण्याचें भय नाहीं; आणि तार चढलेली आहे, म्हणून हालचाल एकदम वाढवूनही चालत नाहीं.

युरोपांतील संधिरोगतज्ज्ञांनीं २०१६ मध्यें सर्व उपचारांचे पुरावे ताडून पाहिले, तेव्हां ठाम शिफारस त्यांनीं एकाच उपायाची केली. तो उपाय म्हणजे व्यायाम. तरीही पुष्कळ रोगी व्यायाम सोडून देतात, याचें कारण त्यांच्या रीतींत आहे. एखादे दिवशीं बरें वाटलें कीं, राहिलेलीं सर्व कामें त्या दिवशींच उरकावयाचीं: माळा झाडावयाचा, गोधड्या धुवावयाच्या, बाजारही करावयाचा. दुसऱ्या दिवशीं अंग धरतें आणि पुढचे चार दिवस अंथरुणांत जातात. पडून राहिल्यानें स्नायूंची शक्ति घटते, आणि पुढच्या वेळीं थोडक्या कामानेंही वेदना होते. फिजिओथेरपिस्टचें पहिलें काम हें चक्र थांबविण्याचें असतें.

त्याचा नियम साधा आहे. व्यायाम वेदनेच्या मापानें नव्हे, घड्याळाच्या मापानें करावा. वाईट दिवशींही जितकें चालवेल तितक्यापासून, मग तीं पांचच मिनिटें असोत, आरंभ करावा. बऱ्या दिवशीं त्याहून अधिक चालूं नये आणि वाईट दिवशीं अजिबात चुकवूं नये. दर आठवड्यास एक-दोन मिनिटें वाढवीत आठवड्यांतून निदान तीन दिवस वीस ते तीस मिनिटांपर्यंत जावें. सुरुवातीस दुखणें किंचित् वाढतें, त्यानें घाबरूं नये. पण वाढ दोन दिवसांहून अधिक टिकली, तर एक पायरी खालीं यावें. गुण दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर हें सोपें आहे. साताऱ्यांत चढ टाळून आधीं सपाट वाट निवडावी, अजिंक्यताऱ्याची घाई करूं नये. हिवाळ्यांतील सकाळीं गरम पाण्यानें स्नान करून, अंग सैल झाल्यावर ताण देण्याचे व्यायाम करावे. पुढें हलक्या वजनांनीं स्नायूंस बळ आणावें. कोमट पाण्याच्या हौदांतील व्यायामही गुणकारी ठरला आहे. फिजिओथेरपीचें शिक्षण आतां कऱ्हाडसारख्या ठिकाणींही मिळतें, त्यामुळें जाणता मार्गदर्शक शोधण्यास मुंबई-पुणें गांठण्याची गरज राहिलेली नाहीं.

सातारा जिल्ह्याला तर मोजून व्यायाम करण्याची परंपराच आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, आणि त्यांचें त्यावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्यें विलायतेंत गेलें. निरोग्याच्या नमस्कारांची संख्या या रोग्यानें अर्थातच घेऊं नये. नित्यनेम मात्र अवश्य घ्यावा. बोस्टन येथील २०१८ च्या एका प्रयोगांत २२६ रोग्यांवर ‘ताइ ची’ हा चिनी संथ व्यायाम वेगवान व्यायामाच्या तोडीस तोड, किंबहुना कांहीं बाबतींत सरस ठरला.

औषधांचें साहाय्य कांहींना होतें, तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावें. स्टेरॉइडचा मात्र या विकारांत उपयोग नाहीं. शिवाय प्रत्येक अंगदुखी म्हणजे फायब्रोमायाल्जिया नव्हे. थायरॉइडची मंदता किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव यांनींही अंग दुखतें. सांध्यांस सूज, ताप, वजन घटणें किंवा हातापायांतील शक्ति जाणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास प्रथम डॉक्टरांकडे जावें.

उरलेलें काम घरच्यांचें. रोगी स्त्रीला रोजची वीस मिनिटें मिळावयाचीं, तर तेवढ्या वेळाचें घरकाम दुसऱ्या कोणीतरी उचललें पाहिजे, आणि ती बाहेर पडली असतां “चालतां येतें, मग दुखतें कसलें?” हा प्रश्न कोणी विचारतां कामा नये. ती बरी आहे म्हणून चालत नसते. बरें वाटावें म्हणून चालत असते.