बंदुकीचा परवाना : हक्क कीं मेहेरबानी?

जालना जिल्ह्यांत रानडुकरें व रोही यांनीं उभें पीक तुडविलें, म्हणजे शेतकऱ्यास बंदुकीची आठवण होते. व परवाना हा आपला हक्क कीं सरकारची मेहेरबानी, असा प्रश्न निघतो.

अमेरिकेनें शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ सालीं राज्यघटनेंतच घातला. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. म्हणून १९३१ सालीं कराची काँग्रेसनें नियमाधीन असा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं तशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. सबब आपल्या घटनेंत हा हक्क नाहीं.

तथापि अधिकाऱ्याची मर्जी हाच कायदा, असेंही नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्यें पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. कलम १४ प्रमाणें केवळ मालमत्ता थोडी म्हणून नकार देतां येत नाहीं. नकाराचीं कारणें लेखी नोंदवावीं लागतात. सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर मागितल्यावर तीं कळवावींही लागतात. कलम १८ अन्वयें अपील आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं पाहिलें कीं, पुष्कळ अर्जदार तोंडी नकारावरच परत फिरत; मग अपील करावयाचें तें कशावर?

मात्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें जनावर मारण्यास लेखी परवानगी निराळी लागते. सातबारा, नुकसानीचा पंचनामा व अर्जाची पोंच जपून ठेवावी. बंदुकीचा हक्क घटनेंत नसला, तरी लेखी उत्तर मागण्याचा हक्क कायद्यांत आहे. तो सोडूं नये.