दुसऱ्या वाटेने परिचर्येकडे

संसार मार्गी लागल्यावर परिचर्येकडे वळू इच्छिणाऱ्या भगिनी आमच्याकडे चौकशीस येतात. त्यांच्यापुढे आम्ही प्रथम वर्षांचा हिशेब मांडतो. वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्या भगिनीस जीएनएमची ३ वर्षे, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची २, प्रत्यक्ष अनुभवाचे १ आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६-१७ मध्ये सुरू केलेल्या अतिदक्षता नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाची २, अशी एकूण ८ वर्षे लागतात. त्यानंतर ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या चौकटीत अत्यवस्थ रुग्णांचे उपचार सांभाळू शकते.

मात्र जीएनएमनंतर नोंदणी होऊन नोकरी मिळू शकते. तोवर मिळकत नसते. धाराशिवच्या कोरडवाहू घराला ती पहिली ३ वर्षेच जड जातात. दात्यांनी त्यांचाच भार उचलावा, ही नम्र विनंती.