‘राइझ’ आणि ‘रेझ’

‘वर’ जाण्याची इंग्रजी क्रियापदे पुष्कळ. पण आपल्या विद्यार्थ्यांची गल्लत होते ती ‘राइझ’ आणि ‘रेझ’ या जोडीत. ‘राइझ’ अकर्मक आहे. सूर्य वर येतो, भाव चढतात, माणसे बंड करून उठतात. ‘रेझ’ला कर्म लागतेच : हात वर करणे, प्रश्न उपस्थित करणे, मूल वाढवणे. ‘हॉइस्ट’ म्हणजे दोरीने वा यंत्राने चढवणे, ‘लिफ्ट’ म्हणजे उचलणे. (‘लिफ्ट’चा अर्थ चोरणे असाही होतो, आपल्या ‘उचलणे’चाही तोच. लक्ष्मण गायकवाडांच्या १९८७ च्या आत्मकथनाचे नाव ‘उचल्या’ आहे.)

विरुद्धार्थी शब्दांत ‘लोअर’, ‘ड्रॉप’ सरळ आहेत. ‘डिप्रेस’ मात्र नीट पाहावा. मूळ लॅटिन अर्थ खाली दाबणे. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबलेला. तेव्हा दाबणारा कोणीतरी असलाच पाहिजे, फक्त तो वाक्यात दिसत नाही. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हा शब्द आणला. त्यात यादी उरली, दाबण्याची क्रिया गेली. ‘दलित’ शब्दात ती पुन्हा आली, कारण ‘दल्’ धातूतच भरडणे आहे.

आता ‘अपलिफ्ट’. मराठीत आपण त्याला ‘उद्धार’ म्हणतो. हे क्रियापद सकर्मक. उचलणारा कर्ता, आणि अस्पृश्य कर्म. बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूर परिषदेत शिकण्याचे, चेतवण्याचे, संघटित होण्याचे आवाहन केले. त्या तिन्ही क्रियांचा कर्ता समोर बसलेला श्रोताच होता.