चर्चेचा मांडव कोणी घालायचा?

पर्यावरणविषयक जनसुनावणीला कधी गेला असाल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. मंगल कार्यालयाचा हॉल किंवा मोकळ्या जागेत घातलेला मांडव. व्यासपीठावर जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, शेजारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. एका अंगाला कंपनीची माणसं आणि त्यांच्या सल्लागाराचा लॅपटॉप. समोर गावकरी, मागे व्हिडिओ कॅमेरा. आधी पडद्यावर आकडे सरकत राहतात. मग माइक लोकांकडे येतो आणि पहिल्या तीन-चार वक्त्यांतच कळतं, आज चर्चा होणार की नुसता गदारोळ.

पनवेलकरांना हा प्रकार नवा नाही. तळोज्याचे कारखाने आहेत, खाडी आहे आणि आता विमानतळही आहे. गाढी आणि उलवे या दोन नद्यांच्या मधल्या सुमारे १,१६० हेक्टर जागेवरच्या या प्रकल्पाची जनसुनावणी झाली आणि २२ नोव्हेंबर २०१० रोजी त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. दरम्यान केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि सिडको यांच्यात बरीच घासाघीस झाली. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर सुमारे १,८०० मीटरवरून सुमारे १,५५० मीटरवर आलं आणि गाढीचा प्रवाह वळवण्याचा बेत मागे पडला. उलवे नदी मात्र वळवली गेली. चर्चेने सगळं मिळत नाही. पण एक नदी आपल्या जागी राहू शकते.

अशी चर्चा कोणी घडवून आणायची, याचं उत्तर १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे. सुनावणी प्रकल्पवाल्याने घ्यायची नाही आणि विरोध करणाऱ्यांनीही नाही. ती राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी हवा. सूचना निदान तीस दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापून यायला हवी. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवायचा आणि संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करायचं. मंडळाने वेळेत सुनावणी घेतली नाही, तर ते काम दुसऱ्या सार्वजनिक यंत्रणेकडे जातं. थोडक्यात, ज्यांचा वाद आहे त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती मांडव राहू नये, अशी ही तजवीज आहे.

हा केवळ कायद्याचा सोपस्कार नाही. माणसं एकत्र बसली की त्यांचं डोकं कसं चालतं, याचा मानसशास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशी वर्षं अभ्यास केला आहे आणि बहुतेक निष्कर्ष आपला अहंकार दुखावणारे आहेत.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ चा प्रयोग घ्या. समोर तीन रेघा. त्यांतली कोणती चौथ्या रेघेएवढी आहे, इतकंच सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशने आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देत. शेवटी पाळी येणाऱ्या खऱ्या उमेदवाराची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे वाहवत गेली. खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, की हे प्रमाण झपाट्याने घसरे. उत्तर मनाशीच कागदावर लिहायला सांगितलं तरी तसंच होई. मांडवात पुढच्या रांगा कोणी भरल्या आणि आधी कोण बोललं, याला एवढं महत्त्व का, ते इथे कळतं.

दुसरी खोड अधिक छुपी आहे. १९८५ मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांमधून एक निवडायला सांगितलं. सगळी माहिती एकत्र केली असती तर त्यांतला एक उमेदवार सरस ठरला असता. पण त्याच्या जमेच्या बाजू वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडे वाटून ठेवल्या होत्या. गटांनी चर्चा केली ती मुख्यतः सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या मुद्द्यांवर, आणि बहुतेकांनी कमी योग्यतेचा उमेदवार निवडला. आपल्या सुनावणीत नोकऱ्या आणि मोबदला हे मुद्दे प्रत्येक वक्ता मांडतो. मोठ्या भरतीचं पाणी कोणत्या बांधापर्यंत चढतं, कोणत्या महिन्यात जाळ्यात काय येईनासं झालंय, हे मात्र एखाद्याच कोळणीला माहीत असतं, आणि तिच्याकडे माइक पोचायच्या आत जेवणाची वेळ होते.

तिसरी गोष्ट एकाच विचाराच्या माणसांची. सर्ज मॉस्कोव्हिसी आणि मारिसा झाव्हालोनी यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याबद्दल आधीच अनुकूल असलेले पॅरिसमधले विद्यार्थी आपसात चर्चा करून अधिकच अनुकूल झाले, तर अमेरिकनांबद्दल नाराज असलेले अधिकच नाराज. आपल्याच माणसांत चर्चा केल्याने मत तपासलं जात नाही, ते आणखी पक्कं होतं. दोन्ही बाजू आदल्या रात्री वेगवेगळ्या बैठका घेऊन आल्या, की सकाळी मांडवात काय होणार हे वेगळं सांगायला नको.

यावरच्या उपायांत एक सूत्र दिसतं: माणसं बदलायची नाहीत, मांडणी बदलायची. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९५० च्या दशकात डेल्फी पद्धत बसवली. त्यात तज्ज्ञ एकमेकांना न भेटता, निनावी मत लिहून देतात. मधला समन्वयक त्यांचं सार सगळ्यांना कळवतो आणि पुन्हा मत मागवतो. हुद्द्याचा दबाव त्यामुळे गळून पडतो. जेम्स फिशकिन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या आणि १९९४ मध्ये मँचेस्टरला प्रथम आजमावलेल्या पद्धतीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे नागरिक निवडतात. त्यांना दोन्ही बाजूंची संतुलित माहिती आधी वाचायला देतात आणि छोट्या गटांत, प्रशिक्षित सूत्रसंचालकासमोर बोलायला बसवतात. तैवानमध्ये २०१५ साली उबर टॅक्सीच्या नियमांवरून वाद पेटला तेव्हा पोलिस नावाची संगणकीय प्रणाली वापरली गेली. ती सिअ‍ॅटलमधल्या लोकांनी बनवलेली, म्हणजे वादाशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताची. तीत दुसऱ्याच्या विधानावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच म्हणता येतं. उलट उत्तर देण्याची सोयच नाही. भांडणाला जागाच न उरल्याने लोक दोन्ही गटांना पटेल असं विधान शोधू लागतात.

या कसोटीवर आपली जनसुनावणी अर्धीच उतरते. मांडव तिऱ्हाइताचा आहे, पण त्यात वाचला जाणारा अहवाल प्रकल्पवाल्याने फी देऊन नेमलेल्या सल्लागाराचा असतो. मराठीत मिळतो तो सारांश. जाडजूड मूळ अहवाल इंग्रजीत. पहिलं सादरीकरण प्रकल्पवाल्याचं असल्यामुळे चर्चेची चौकट तिथेच ठरून जाते. सल्लागाराची फी स्वतंत्र निधीतून द्यावी, सादरीकरणाआधी कोऱ्या चिठ्ठ्यांवर लोकांचे प्रश्न घ्यावेत, मच्छीमार, शेतकरी, रहिवासी अशा छोट्या गटांत तासभर बसवून मग एकत्र आणावं, या सुधारणांना फार खर्च नाही.

आणि एक गैरसमज काढून टाकायला हवा. सुनावणीत डोकी मोजत नाहीत. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल (सेझ) शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला, ती मोजणी होती. जनसुनावणीला मात्र कायद्याने गणसंख्येची अटच नाही. ट्रक भरून माणसं आणल्याने मुद्दा जड होत नाही, आणि एकट्याने मांडलेली पुराव्यानिशी हरकत हलकी ठरत नाही. ती इतिवृत्तात नोंदली गेली की प्रकल्पवाल्याला तिच्यावर आपलं म्हणणं द्यावं लागतं आणि ते कागद मंजुरी देणाऱ्यांसमोर जातात. हरकत लेखीही देता येते. त्यासाठी मांडवात उभं राहून आवाज चढवायची गरज नाही. म्हणून पुढची सूचना पेपरात दिसली, की त्या तीस दिवसांत मराठी सारांश मागून घ्या, फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली एक गोष्ट तारखेनिशी लिहा, सुनावणीआधी मंडळाकडे देऊन पोच घ्या. गोषवारा वाचून दाखवतील तेव्हा तुमचा मुद्दा त्यात आला की नाही हे ऐकायला थांबा, आणि नसला तर तिथेच उठून सांगा.