चाल टेंब्यांची, नाव गंधर्वांचे

गिरगावात साहित्य संघात किंवा दादरला शिवाजी मंदिरात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला, की 'मानापमान'ची पदे हमखास रंगतात. निवेदक बालगंधर्वांच्या आठवणी सांगतो, मास्टर दीनानाथांच्या तानांचा दाखला देतो. ज्यांनी या चाली बांधल्या ते गोविंदराव टेंबे मात्र बहुतेकदा एका वाक्यात उरकले जातात.

१८८१ साली जन्मलेले कोल्हापूरचे गोविंदराव आधी गाजले ते पेटीवादक म्हणून. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला ते साथ करत आणि स्वतंत्र वादनानेही मैफल जिंकत. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही. मग वादक भात्याचा दाब कमी-जास्त करतो, शेजारच्या पट्टीला निसटता कण लावतो आणि गळ्याचा भास उभा करतो.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' मुंबईत रंगभूमीवर आणले. तोवर नाटकातली पदे बहुधा लोकांच्या ओळखीच्या चालींवर रचली जात. टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीची लचक मराठी पदात आणली आणि गाणाऱ्याला विस्ताराला मोकळी जागा ठेवली. गायकनटांनी त्या जागा अशा भरल्या, की 'वन्समोअर' त्यांच्या वाट्याला आले आणि चालही त्यांच्याच नावावर चढली. ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. तो प्रयोग आजही ओळखला जातो तो बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या जुगलबंदीने.

युरोपात शोपँ, लिस्ट हेही आधी वादक म्हणून गाजले. पण त्यांच्या रचना स्वरलिपीत छापल्या गेल्या. वाजवणारा कुणीही असो, कर्त्याचे नाव टिकले. आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात गेली.

पुढे १९३२च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात गोविंदराव हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. लेखणीही कसदार, 'माझा संगीत व्यासंग' आजही वाचावे असे. त्यांच्या पेटीला मात्र आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले. १९५५ साली ते गेले, तेव्हाही ते दार बंदच होते.

चालींचे श्रेय टेंब्यांना दिल्याने बालगंधर्वांचे मोठेपण तसूभरही उणे होत नाही. पण पुढच्या कार्यक्रमात पदाआधी गायकाबरोबर संगीतकाराचेही नाव घ्या, आयोजकहो. तेवढे तरी आपण टेंब्यांचे देणे लागतो.